शहरं चुकवत तिजेला

पुण्याहून यवतमाळ जिल्ह्याच्या पार पूर्व टोकाला गाडीनं जायचं असेल, तर वाटेत एकाही मोठ्या शहरात न शिरता जाता येतं. मी जाऊन आले आहे. वेळ जास्त लागतो, चहा चांगला मिळतो, आणि एका बाजाराच्या गावी काय झालं ते पुढे येईलच.

मला गाडी चालवता येते, गर्दी चालवता येत नाही. मागे एकदा यवतमाळच्या एका चौकात चढावर गाडी बंद पडली होती. चारी बाजूंनी लोक काचेवर टकटक करत होते. कुणी क्लच सांगत होतं, कुणी हँडब्रेक, आणि मी काच खाली न करता समोर बघत बसले होते. तेव्हापासून लांब निघायचं म्हटलं की मी आधी नकाशा घेऊन बसते. शहराच्या बाहेरून जाणारा रस्ता शोधायचा, त्यावरही गर्दी असेल तर त्याच्याही बाहेरून जाणारा. कुठे वळायचं, पेट्रोल कुठे, बरं स्वच्छतागृह कुठे. सगळं ठरलेलं असलं की काच खाली करून कुणाला काही विचारावं लागत नाही. खरं कारण तेच. माझी आई, म्हणजे याडी, हे ओळखून आहे. मला तोंडावर बोलत नाही, मावशीला फोनवर सांगते.

या खेपेला मात्र पोचण्याची वेळ माझ्या हातात नव्हती. आम्ही बंजारा. आमच्या तांड्यांत श्रावणात लग्न न झालेल्या मुली टोपलीत माती घालून गहू पेरतात आणि रोज गाणी म्हणत त्याला पाणी घालतात. नऊ दिवसांत वीतभर उंचीचे पिवळट हिरवे कोंब येतात. तीच तीज. टोपल्या नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, घरासमोर उंच माचीवर ठेवतात. शेवटच्या संध्याकाळी नायक तीज तोडतो, मुली ती भावांच्या पागोट्यात नाहीतर टोपीत खोवतात आणि उरलेली वाहत्या पाण्यात सोडतात. लग्न झालं की टोपली धरता येत नाही.

मी इंग्रजी शाळेत, वसतिगृहात वाढले. तीज नेहमी चाचणी परीक्षेत यायची. मग कॉलेज, मग नोकरी. आता दिवाळीनंतर माझं लग्न आहे. म्हणजे पहिली आणि शेवटची तीज हीच. "मला टोपली धरायची आहे," असं मी म्हटलं तेव्हा याडी मेथी निवडत होती. जुडी तशीच टाकून तिनं मामाला फोन लावला. मामानं तांड्यातली काळी माती खताच्या पोत्यात भरून ट्रॅव्हल्सनं पाठवली. गहू पुण्यात, आमच्या गॅलरीत उगवला. मामीनं तांड्यातल्या माचीवर एका टोपलीपुरती जागा राखून ठेवली. आता ती टोपली शेवटच्या संध्याकाळच्या आत तिथं पोचवायची होती, आणि ती संध्याकाळ नेमकी दहीहंडीची. त्या दिवशी कुठल्या शहरातला कुठला रस्ता मांडव घालून बंद असेल, ते नकाशाला कळत नाही.

बापूंना, म्हणजे वडिलांना, सुट्टी नव्हती. निघालो आम्ही दोघीच.

हिंगोली ते दिग्रस

पहिला दिवस हिंगोलीत संपला, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. अपवाद टोपलीचा. निघताना याडीनं नियम सांगितला, की टोपली जमिनीला टेकवायची नाही. मागच्या सीटवर पट्टा लावून ठेवू, असं मी सुचवलं.

"तुले पट्टा लावून मागं टाकलं तं चालन का?" याडी म्हणाली आणि टोपली मांडीवर घेऊन बसली. ती घरात आमच्या गोरबोलीत बोलते आणि चिडली किंवा खूश असली की वऱ्हाडीत.

तिच्या सांगण्यावरून एसी बंद, कारण कोंबांना गार वारा सोसत नाही. लॉजमध्ये टोपली पलंगावर झोपली आणि आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना. सकाळी पाणी घालताना याडी गाणं म्हणायला लागली, चांगलं मोकळ्या गळ्यानं. शेजारच्या खोलीतल्या माणसानं दार वाजवलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. मला वाटलं तो तक्रार करायला आला असेल. बाहेर आले तर तो दारात उभा राहून, त्याच्या बायकोला कोंब जवळून पाहायचे आहेत, चालेल का, असं विचारत होता.

पुसदला बाहेरून वळसा घातला. डोंगर सुरू झाले की रस्ता वळणावळणाचा होतो आणि दोन्ही बाजूंना साग उभा राहतो. भाद्रपद तोंडावर आला की सागाला पांढरट फुलोरा येतो. पुण्याकडे साग म्हटलं की दुकानातला सोफा आठवतो, फुलं येत असतील असं कुणाच्या मनातही येत नाही. पठारावर आलो की कपाशी, सोयाबीन, मध्येच तुरीची ओळ, पुन्हा कपाशी. आभाळ भरून आलेलं, पण पडत नव्हतं. मी दर थोड्या वेळानं घड्याळ बघत होते.

दिग्रसच्या अलीकडे एका टपरीवर तर्री पोहे खाल्ले. मालकीणबाईंनी प्लेट ठेवली आणि याडीच्या मांडीकडे बघितलं.

"काकू, लसूण घेऊन चालल्या का? लागवडीचा?"

"लसूण नोय माय, तीज हाय. माह्या पोरीची."

"अगं बाई! एवढी मोठी झाली अन् अजून तीज धरते?" मग माझ्याकडे वळून, "लग्न नाही केलं काहून वं?"

पुण्यात आमच्या इमारतीत मी ही टोपली लिफ्टमधून नेली तेव्हा दोघांनी मोबाइलमध्ये बघितलं आणि एकानं छताकडे. इथं प्रश्न थेट मांडीवर येऊन बसतो. मी पोह्यांत मान घातली. याडीनं लग्नाची तारीख, मुलाची नोकरी, त्याच्या बहिणीचा स्वभाव, सगळं सांगितलं. निघताना बाईंनी टोपलीवर हळदकुंकवाची बोटं लावली आणि पोह्यांवरची शेव वेगळी पुडीत बांधून दिली. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "एवढं सगळं सांगायची काय गरज होती?"

"तू रस्ता पाह्य," याडी म्हणाली. "लोकायचं मी पाह्यतो."

हीच आमची वाटणी होती. काच तिच्या बाजूची खाली व्हायची आणि बोलायचं तिनं.

बाजाराचं गाव

आर्णीहून घाटंजीकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आतला एक रस्ता मी आधीच हेरला होता. यवतमाळ तर दूरच राहत होतं, पण मला आर्णीच्या पुढची हंडीची मिरवणूकही नको होती. आतला रस्ता अरुंद पण मोकळा निघाला. याडीला पहिल्यांदाच डुलकी लागली. टोपली दोन्ही हातांनी धरलेली, मान काचेला टेकलेली. मला बरं वाटलं. आम्ही वेळेच्या पुढे होतो.

मग एक वळण आलं, आणि वळणाच्या पलीकडे बैल.

पोळा आठवड्यावर आला होता आणि त्या गावात त्या दिवशी बैलबाजार भरला होता. गावाचं नाव लिहीत नाही. कुणी वाचून तो बाजार चुकवावा असं मला वाटत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बैल, रस्त्यावर बैल, टेम्पोतून उतरणारे बैल, शिंगांना वॉर्निश लावून घेत शांत उभे असलेले बैल. विकायला घुंगरं, झुली, कासरे, रंगाचे डबे. आणि सगळ्यांच्या मधोमध आमची पांढरी छोटी गाडी. मागे बघितलं तर परतीची वाटही भरली होती. मी हॉर्न वाजवला. एका बैलानं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पुढे बघितलं.

फोनला रेंज नव्हती. नकाशावर आमचा निळा ठिपका एका मोकळ्या, पांढऱ्या रस्त्यावर एकटाच उभा होता.

पाच मिनिटं मी बसून राहिले. दुसरा रस्ता असणारच. कुणालातरी माहीत असणारच. याडीला उठवावं असं मनात आलं, पण दोन दिवस टोपली धरून तिचे हात आखडले होते, आणि ती झोपेत तोंड किंचित उघडं टाकून अशी बसली होती की मला हात लावावासा वाटला नाही. माझ्या बाजूला नुसती बैलांची पाठ होती. तिच्या बाजूला एक माणूस दिसला, पांढरी टोपी, खांद्यावर नवा कासरा. मी बटण दाबून तिच्या बाजूची काच पूर्ण खाली केली आणि वाकून म्हटलं, "काका, घाटंजीला जायला..."

माझं वाक्य पूर्ण झालं नाही. त्या माणसाच्या मागून एक मोठं, ओलं, पांढरं नाक आत आलं. मग जीभ. मग मी इतक्या जवळून कधीच ऐकला नव्हता असा आवाज, ओलं गवत उपटल्याचा.

"अरे, अरे, अरे! काच वर घ्या ताई! काच वर घ्या!"

काच वर घेतली असती तर बैलाची मान अडकली असती. याडीनं डोळे उघडले तेव्हा तिच्या नाकासमोर बैलाचं नाक होतं आणि तो शांतपणे चावत होता. अर्धी टोपली रिकामी झाली होती. एका बाजूला कोंब, दुसऱ्या बाजूला नुसती काळी माती आणि त्यात खुंटासारखे बुडखे.

याडीनं पदर टोपलीवर ओढला, एवढंच.

त्या माणसानं बैलाला मागे ओढलं. "माफ करजा काकू. आत्ताच घेतला त्याले. अजून मले बी वयखत नाही, माहं कायले आयकन?" मग पदराखाली काय आहे ते त्याच्या लक्षात आलं. आमच्या भागात तीज ठाऊक नसलेला माणूस विरळा. त्यानं टोपी काढून हातात घेतली. "तिजेची टोपली व्हय? आज तोडाची होती?"

"हो," मी म्हटलं. "मुकुटबनच्या पुढे, संध्याकाळच्या आत."

तो बैलाला वळवून गाडीच्या पुढे गेला. "या माह्या मागून." आणि मोठ्यानं, बाजाराला उद्देशून, "ओ भाऊ, सरका! सरकवा ना बे तो गोऱ्हा! बाया हायेत गाडीत, तिजेच्या!"

बाजार सरकला. सगळ्यात पुढे तो पांढरा बैल, अजून चावत. त्याच्या मागे त्याचा नवा मालक, त्याच्या मागे पहिल्या गिअरमध्ये मी. दोन्ही बाजूंचे लोक वाकून आत बघत होते. याडी समोर बघत होती. गावाबाहेरच्या ओढ्यापाशी त्यानं बैल बाजूला घेतला आणि मला घाटंजीचा रस्ता दाखवला. "मारुतीच्या देवळाजोळचं पयलंच घर हाय आपलं," तो म्हणाला. "परत जाताना या." म्हणाला तेव्हा मान खाली होती.

पांढरकवड्यापुढे

घाटंजी गेलं, वाघाडी नदी गेली. याडी एक शब्द बोलली नाही. ती गप्प असते तेव्हा गाडी जड होते असं मला लहानपणापासून वाटतं. टिपेश्वरच्या जंगलाच्या बाजूनं जाताना माणसं घोळक्यानं शेतातून परतत होती, वाघाच्या भीतीनं. पुढच्यानं काठी आपटायची, मागच्यानं मोठ्यानं बोलत राहायचं. एरवी याडीनं गाडी थांबवून वाघाची बातमी घेतली असती.

पांढरकवड्याला नागपूर-हैदराबाद रस्ता ओलांडावा लागतो. तो चुकवायला मी नकाशावर बरीच डोकेफोड केली होती, पण नाही चुकला. ट्रकमागून ट्रक जात होते. मी उभी राहिले, मोकळी जागा मिळाली, ओलांडला. पलीकडे गेल्यावर कळलं की त्या वेळात मला भीती आठवलीच नव्हती. डोक्यात दुसरंच होतं.

"याडी, चालेल ना गं अशी?"

ती म्हणाली, "उष्टी तीज माचीवर कशी ठेवाची? बाकीच्या पोरीयच्या टोपल्या हायेत तिथं. नायक नाही म्हणन."

"मग?"

"मंग काय. पाहू."

झरीकडे वळलो. जंगल दाट झालं, रस्ता रिकामा. एवढा मोकळा रस्ता मला साऱ्या प्रवासात मिळाला नव्हता, आणि मला तो संपू नये असं वाटत होतं. दोन्ही गोष्टी एकदम वाटत होत्या: लवकर पोचावं, आणि पोचूच नये. ढगांच्या खालून ऊन तिरपं आलं आणि टोपलीतले उरलेले कोंब त्यात पिवळेधमक दिसले. एकाच बाजूचे. याडीनं बाटलीतलं पाणी बोटांनी शिंपडलं. गाणं नाही म्हटलं.

तांडा

मुकुटबन मागे टाकून तांड्यावर पोचलो तेव्हा मुली माचीभोवती फेर धरून होत्या. टोपल्या अजून वर होत्या. मामी धावत आली, याडीनं पदर बाजूला केला, मामी थांबली.

मग सगळेच आले. मला वाटलं होतं याडी बोलेल. पण ती टोपली हातात धरून माझ्याकडे बघत उभी राहिली. ती लग्न झालेली. टोपली माझी होती.

नायक म्हातारे, उंच, डोक्याला लाल पागोटं. खुर्ची ओढून बसले.

"कोनं खाल्ली?"

"बैलानं," मी म्हटलं. इतक्या लोकांसमोर माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"गायीनं नाही?"

"नाही. बैल. पांढरा."

"तोंडाले मुसकं नव्हतं त्याच्या?"

"नव्हतं. आत्ताच विकत घेतलेला होता. बाजारात. मी काच खाली केली, रस्ता विचारायला."

नायकांनी टोपली आपल्याकडे घेतली, फिरवून पाहिली. कोंब उपटलेल्या जागी बोट लावलं. "आपले लोक बैलाच्या पाठीवर गोण्या घालून मुलूखभर फिरले," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मुसकं नसलं का मागचा बैल पुढच्याच्या गोणीत तोंड घालेच. कोनी गोणी फेकून देत नव्हतं." मग मला विचारलं, "पोरी, भाऊ किती तुले?"

"भाऊ नाही."

"मंग पयली तीज कोनाले देनार होती?"

हा प्रश्न मी निघण्याआधीही टाळला होता. नकाशात त्याला वळसा नव्हता. "माहीत नाही," मी म्हटलं.

"मंग झालं ना," नायक म्हणाले आणि टोपली माझ्या हातात दिली. "देल्ली तू. ठेव वर."

माझी मामेबहीण फिस्सकन हसली, आणि तिच्यामागून सगळ्या.

"बाई गं, पुण्याहून येऊन बैल भाऊ केला!"

"नाव काय वं तुह्या भावाचं?"

"राखीले काय दिलं त्यानं? शेण?"

मी माचीवर चढून टोपली ठेवली. खाली उतरले तर दोघींनी माझे हात धरून मला फेरात ओढलं. गाण्याचे शब्द मला अर्धेच येत होते. उरलेल्या ठिकाणी मी तोंड हलवलं. याडी बाहेर मामीच्या शेजारी उभी होती आणि दुपारचं राहिलेलं सगळं गाणं एकदम म्हणत होती, साऱ्या बायकांच्या वर आवाज लावून. मला लाज वाटली नाही. म्हणजे थोडी वाटली.

तीज तोडताना मुली रडतात. तसा रिवाजच आहे. मी सहसा लोकांसमोर रडत नाही, आणि त्या दिवशीही ठरवलं होतं की नाही. मामेबहिणीनं तिच्या भावाच्या टोपीत कोंब खोवले आणि ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसायला लागली, तेव्हा मी माझ्या टोपलीतली मूठभर तीज तोडून ओल्या फडक्यात गुंडाळली. बाकीची ओढ्यात सोडली. पाण्यात ती इतर टोपल्यांच्या तिजेत मिसळली आणि माझी कुठली ते कळेनासं झालं. मग मात्र मला आवरलं नाही.

परतताना

परतीचा रस्ता मी आखला नव्हता. सवयीनं फोन उघडला, आणि आर्णीच्या अलीकडे पुन्हा त्याच आतल्या रस्त्याला वळले.

बाजाराच्या मैदानात आता नुसतं शेण, तुटके कासरे आणि रंगाचे रिकामे डबे. गावात शिरताना मी याडीकडे बघितलं. ती झोपली होती. मान काचेला, डोळे मिटलेले. पायाचं एक बोट मात्र चप्पल हलवत होतं, तालात.

मी माझ्या बाजूची काच खाली केली. पारावर तिघं बसले होते.

"काका, बाजारात पांढरा बैल घेतलेलं घर कुठलं? मारुतीच्या देवळाजवळचं?"

"तीज खाल्लेला?" तिघंही एकदम म्हणाले.

घर लगेच सापडलं. बैल अंगणात बांधला होता, पोळ्यासाठी शिंगं निळी रंगवलेली. मालकानं आधी त्याचं तोंड धरलं, मग माझ्या हातातलं फडकं पाहून सोडलं. मी ओले, सुकत चाललेले कोंब त्याच्या शिंगाला बांधलेल्या दोरीत खोवले. जमेल तसे. त्याच्या कपाळाचा वास ऊन लागलेल्या पोत्यासारखा होता. त्यानं मान हलवली, एक कोंब खाली पडला, आणि तो त्यानं खाल्ला.

"खाऊ द्या ताई," मालक म्हणाला. "घरचाच हाय आता तो तुमच्या." आतून त्याच्या बायकोनं चहा आणला आणि मी तो बसून प्यायले. तिनं लग्न कधी, मुलगा काय करतो, विचारलं. मी सांगितलं. त्याच्या बहिणीचा स्वभाव मात्र नाही सांगितला.

गाडीत बसले तेव्हा याडी अजून झोपलेलीच होती. गावाबाहेर रस्ता दुभंगतो. नकाशावर दोन्ही फाटे सारखेच दिसत होते.

"आता कोणता?" याडीनं डोळे न उघडता विचारलं.

समोरून डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या दोन बायका येत होत्या. मी गाडी बाजूला घेतली आणि काच खाली केली.